निमुळत्या गळ्याची बाटली

कचेरीत रोज वापरायला सगळ्यांसाठी पाण्याची बाटली निवडायची, एवढ्यासाठी चौथी बैठक चालली होती. धामणकर साहेब निमुळत्या गळ्याच्या स्टीलच्या बाटलीवर अडून बसले होते. आत हात जात नाही, धुवायची कशी, हे सांगून सांगून हेडक्लार्क डुंबरेबाई टेकीला आल्या होत्या.

“त्यात काय एवढं? पाणी घालून खळखळवली की झाली स्वच्छ!” साहेब म्हणाले.

शुक्रवारी डुंबरेबाईंनी नमुन्याच्या त्याच बाटलीत ताक भरून ठेवलं. सोमवारी सगळ्यांदेखत ती रिकामी केली, दोनदा खळखळवली, पाण्याने भरली आणि साहेबांपुढे धरली.

“घ्या, पहिला घोट तुमचा.”

बाटली नाकाशी येताच साहेबांनी तोंड फिरवलं.

“का हो साहेब? तुम्ही सांगितलीत तश्शीच धुतलीय. उलट एकदा जास्तच खळखळवली!”

पाचवी बैठक काही झाली नाही. रुंद तोंडाच्या बाटल्या मात्र आल्या.