साबणाचे मूळ

१९ डिसेंबर. सकाळपासून ऊन. वारा खाडीकडून. थंडी बेताची.

"...मग तो अरबांनी आणला की पोर्तुगीजांनी? तेवढंच सांगा, बाबा."

आठल्ये मास्तर मुरूडहून चालत आले होते. काखेत शब्दांच्या चिठ्ठ्यांचा डबा. दर्ग्यात राहणारे दाऊदबाबा मागच्या विहिरीवर एका आजारी वाटसरूची चादर धूत होते. मी पाणी शेंदून देत होतो.

"काय आणला?"

"साबण. म्हणजे हा शब्द. अरबीत साबून, तुर्कीत साबून, मलायीतही तेच. पोर्तुगीजांचा साबांव. लॅटिनमध्ये सापो, आणि तिथेही तो उत्तरेकडच्या टोळ्यांकडून आला म्हणतात. आपल्याकडे अरबी गलबतांतून आला, हे माझं मत."

"दुसरं मत कोणाचं?"

"कोर्लईच्या जेरोमचं. शब्दकोश आम्ही दोघं मिळून करत होतो. त्याच्या घरी अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, म्हणून शब्दही त्यांचाच, म्हणे! चिठ्ठीवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय शब्द कोशात घ्यायचा नाही, असा आमचा नियम. माझ्या चिठ्ठीवर त्याने सही केली नाही. त्याच्या चिठ्ठीवर मी केली नाही."

"मग?"

"तीन वर्षं झाली... बोलणं नाही."

"तीन वर्षं!" बाबा हसले. "एवढ्या वेळात किती चादरी धुऊन निघाल्या असत्या, मास्तर."

मास्तर हसले नाहीत.

"तो अंथरुणाला खिळलाय. बोलावणं आलंय. कोणाचं मत बरोबर ते ठरलं की जाईन. हरलेला कुठल्या तोंडाने जाणार?"

बाबांनी चादर पिळून दोरीवर टाकली.

"त्याला आंघोळ कोण घालतं?"

"...ठाऊक नाही. बायको गेली. लेक मस्कतला."

बाबांनी मास्तरांच्या काखेतला डबा काढून कट्ट्यावर ठेवला. त्यांच्या हातात साबणाची ओली वडी दिली. मग सदरा उतरवला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

"लावा."

मास्तर माझ्याकडे बघू लागले. मी बादली पुढे सरकवली.

बऱ्याच वेळाने त्यांचा हात बाबांच्या पाठीला लागला.

"हळू. म्हाताऱ्याची कातडी आहे ती."

हात हळू झाला... आणखी हळू झाला.

"जेरोमची पाठ डावीकडे दुखते," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून."

मी पाणी ओतले. मास्तरांनी फेस धुऊन काढला, अगदी मानेपर्यंत.

बाबांनी सदरा चढवला.

"पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघा," ते म्हणाले. "फार गरम नको."

मास्तर साडेचारच्या एसटीने कोर्लईला गेले. नंतरची भर: तिथे बावीस दिवस राहिले.