मोकळा दांडा

“मग माझ्याच हाताला दांडा जड का लागतो, महाराज?”

रणधीरने हे विचारलं तेव्हा मठाच्या ओसरीवर दोघंच होते. खालच्या दरीतलं ऊन संपत आलं होतं.

महाराजांनी मांडीवरची पोथी सारखी केली.

“वर्षभर रोज फिरवतोय मी. आणि अनुग्रह तात्यांना?”

“हं.”

“तात्यांना!”

...

डोंगरावरच्या या मठाची एक रीत होती. संध्याकाळची पोथी वाचायची ती अंगमेहनतीने मिळवलेल्या उजेडातच. विकतचं तेल चालायचं नाही, आणि खालच्या गावाची वीज तर नाहीच नाही. पूर्वी सगळे सेवेकरी मिळून करंजाच्या बिया पिळायचे, त्या तेलावर दिवा जळायचा.

रणधीर इंजिनीअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडून इथे आला आणि त्याने ती पिळापिळी बंद केली. तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याच्या आत फिरणारं लोहचुंबक आणि चुंबकाला दांडा. दांडा फिरवला की तारेत वीज, आणि तारेच्या टोकाला दिवा.

बिया पिळायला सगळे असायचे. दांडा मात्र एकट्या रणधीरच्या गळ्यात पडला. तुझं यंत्र, तूच फिरव.

बाकीचे सेवेकरी म्हातारे, ते भिंतीला टेकून पोथी ऐकायचे. सगळे पेन्शनवाले. घरची भांडणं सुनांच्या अंगावर टाकून इथे शांती शोधायला आलेले. पोथीचं पान उलटायच्या आत निम्मे घोरायला लागत.

महाराज एकदा सहज बोलून गेले होते, मनावरचं ओझं उतरलं की दांडा जड लागत नाही. म्हाताऱ्यांनी तेवढंच घट्ट धरून ठेवलं होतं.

आज दुपारी तात्या बिडकरांनी यंत्र भर उन्हात अंगणात आणवलं. हे निवृत्त मामलेदार. धोतर खोचून बसले आणि एका बोटाने त्यांनी दांडा गरागरा फिरवला. घाम नाही, दम नाही.

“नाम मुरलं की असं होतं हो,” तात्या म्हणाले.

म्हातारे एकेक करून त्यांच्या पाया पडले. महाराजांनीही मान हलवली. अनुग्रह म्हणजे गुरूने कानात सांगायचा मंत्र, आणि या मठात तो वर्षातून एकालाच मिळतो. तो उद्या सकाळी तात्यांना मिळणार, हे तिथेच ठरलं.

रणधीर तेव्हा झऱ्यावर पाणी भरत होता. तो वर आला तोवर गूळही वाटून झाला होता.

...

“दिवा आतच होता, महाराज! खुंटीला. यंत्राला तार जोडलेलीच नव्हती.”

“बरं.”

“बरं काय? मोकळं चुंबक शेंबडं पोरसुद्धा फिरवील. दिवा जोडला, तारेतून वीज वाहायला लागली, की तीच वीज चुंबकाला मागे ओढते. जितका उजेड, तितका दांडा जड. यात नाम कुठून आलं? हवा फिरवली त्या माणसाने, हवा!”

आतल्या खोलीत तात्यांचं कौतुक चाललं होतं. आज पोथीला कोणी यायचं नाव नव्हतं.

“वेळ झाली,” महाराज म्हणाले. “फिरव.”

रणधीरने रागातच दिवा आणला, तार जोडली आणि दांड्याला हात घातला. पहिला फेरा नेहमीसारखाच चिखलातून ओढल्यासारखा गेला. मग दिवा लागला. महाराज वाचू लागले, संथ, एका सुरात.

खांदा भरून आला. घाम मानेवरून पाठीत उतरला. आतून तात्यांचं खळाळून हसणं ऐकू आलं.

रणधीरने दांडा सोडून दिला.

दिवा विझला. ओसरीवर अंधार झाला.

महाराज वाचतच होते.

एक ओवी झाली. दुसरी झाली. कागदाची सळसळ झाली. महाराजांनी पान उलटलं होतं.

“महाराज...”

“कळलं. दिवा गेला.”

“कळलं? मग वाचताय कसं?”

“तुझा श्वास हलका झाला. त्यावरून कळलं.”

रणधीर सरकत त्यांच्या अगदी समोर गेला. उरल्यासुरल्या उजेडात त्याने ते डोळे जवळून पाहिले. वर्षभर पायांकडेच बघत आला होता तो. बुबुळांवर दुधासारखी साय होती.

“तुम्हाला दिसत नाही.”

“नाही.”

“कधीपासून?”

“तू आलास त्याच्या आधीपासून.”

“आणि मी वर्षभर इथे... कोणासाठी? त्या घोरणाऱ्यांसाठी?” त्याचा आवाज चढला. “बोलला का नाहीत? पोथी पाठ, डोळे गेलेले, आणि माझा खांदा मोडून घेताय? लाज नाही वाटली?”

महाराजांनी हे ऐकून घेतलं. वाईट वाटल्याचं तोंडावर काही दिसलं नाही.

“म्हणजे दुपारचंही तुम्हाला माहीत होतं.”

“तात्याला दम लागला नाही. म्हणजे दिवा नव्हता.”

“तरी त्यांना अनुग्रह?”

“त्याला हलकं व्हायचं होतं. झाला.”

“मलाही तेच हवंय!” रणधीर ओरडला. आतलं हसणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. “तेवढ्यासाठीच आलोय मी इथे. सांगितलं होतं तुम्हाला पहिल्याच दिवशी. विनीतचं.”

विनीत म्हणजे वसतिगृहातल्या खोलीतला त्याचा जोडीदार. त्याने जीव दिला त्या दुपारी रणधीरला फोन केला होता. कँटीनमध्ये गप्पा रंगल्या होत्या. रणधीरने नाव बघितलं आणि फोन कापला.

“रोज येतो तो,” रणधीर म्हणाला. “दांडा फिरवताना तर समोरच बसतो. त्याला घालवा, महाराज. मंत्राने, कशानेही. मला नाही सोसत आता.”

...

महाराजांचा हात अंधारात चाचपत पुढे आला. यंत्राच्या लाकडावरून फिरला. तार सापडली. त्यांनी ती हळूच ओढून काढली.

“फिरव.”

रणधीरने दांडा धरला. जरासा लोटला, आणि तो फिरतच राहिला. बोटभर जोरही लागेना. खांद्यातली कळ गेली. श्वास सुटा झाला. कधी नव्हे ते अंग पिसासारखं झालं, आणि डोळे आपोआप मिटले.

बराच वेळ तो तसाच फिरवत राहिला. काहीच येत नव्हतं मनात. फोन नाही, कँटीन नाही, कोणी नाही.

मग तो दचकला.

विनीतचा चेहरा त्याने मुद्दाम आठवून पाहिला. कपाळ कसं होतं... हसताना ओठ कुठल्या बाजूला जायचा...

दांडा थांबला.

“येत नाहीये,” रणधीर म्हणाला. “महाराज, त्याचं तोंड आठवत नाहीये.”



रणधीरने अंधारात तार शोधली. टोक नीट बसेना. बसलं. त्याने दांडा दोन्ही हातांनी ओढला, दात आवळून, आणि दिवा लागला. त्या पिवळ्या उजेडात त्याने कोणाला पाहिलं ते त्यालाच ठाऊक. तो रडत होता, पण हात चालू होता.

महाराज त्याचा जड श्वास ऐकत बसले.

“मंत्र देता, म्हणजे नेमकं काय देता तुम्ही?” बऱ्याच वेळाने रणधीरने विचारलं.

“ज्यांना अंधार चालतो, त्यांना देतो.”

“तुम्हालाही कोणीतरी दिलाच असेल की.”

महाराजांनी पोथी मिटली. साय धरलेले डोळे दिव्याच्या बाजूला वळले, पण दिव्यावर थांबले नाहीत.

“दिला होता... तेव्हा मला चांगलं दिसायचं, रणधीर. डोळे मिटले तरी तोंडं दिसायची.”