तांब्याचं छप्पर आणि साळुंकीच्या तीन अटी

एका राज्यात अरिमर्दन नावाचा राजा होता आणि त्याला चकाकीचं भारी वेड. राजधानीतल्या प्रत्येक छपरावर त्याने तांब्याचा पत्रा ठोकला. फटीत गवताची काडी दिसली की घरमालकाला चाबूक! एका म्हाताऱ्या मांत्रिकिणीच्या झोपडीवर हिरवंगार गवत होतं, तेही त्याने उपटवलं. ती एवढंच म्हणाली, "राजा, हे तांबं तुझ्याच घरात उतरेल." आणि दिसेनाशी झाली.

तसंच झालं. छपरं तापली, महालाची भट्टी झाली, पंखे ओढून ओढून सेवकांचे हात गळाले. आणि एका दुपारी राजकन्या हेमकळेचं बोट तांब्याचं झालं. दुसऱ्या दुपारी दुसरं. दहाही बोटं झाली, मग तांबं तीळ तीळ वर चढू लागलं. "काळजाला भिडलं की संपलं," राजवैद्य म्हणाले. राजा ढसाढसा रडला.

तेव्हा मांत्रिकिणीची साळुंकी खिडकीत येऊन बसली.

"राजा, तीन कामं आहेत. तुझ्याच हातांनी करायची."

"सांग, पक्षिणी."

"महालाचा पत्रा उखड. छताला चुना घोट, त्यावर खडे पसर आणि पालापाचोळ्याची हलकी माती डोक्यावरून वाहून ने. मग तिथे जे उगवेल ते उगवू दे. एक काडी उपटलीस, तर शाप कायमचा."

पत्र्याने तळहात भाजले, मातीने मान अवघडली. पण ही दोन कामं सोपीच म्हणायची, अवघड होतं ते तिसरं. छतावर दूर्वा आली, माका आला, आणि ऐन महाद्वारावर एक ओबडधोबड आघाडा उभा राहिला. शेजारचे राजे पाहुणे आले, ते खो खो हसले. अरिमर्दनाचा हात शिवशिवला. तो आघाड्याच्या बुडाशी गेलासुद्धा! जित्याची खोड ती. इतक्यात खालून हेमकळेच्या श्वासाची खणखण ऐकू आली. तांबं खांद्याला पोचलं होतं. राजाने हात मागे घेतला आणि आघाड्याला ओंजळभर पाणी घातलं.

त्या दुपारी ऊन पानांवरच अडलं. खाली महाल माठासारखा गार झाला, पंखे थांबले. खांद्यावरचं तांबं कोपरावर आलं, कोपरावरचं बोटांवर, आणि बोटांवरून गळून गेलं.

"आबासाहेब, तुमचे तळहात किती भाजलेत!" हेमकळा म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या बोटांना काही जाणवत होतं.

दुसऱ्या दिवशी राजाने पहिली टोपली मांत्रिकिणीच्या झोपडीवर चढवली. ती दारातच उभी होती. मग घरोघर छपरं हिरवी झाली. पावसाचं पाणी मातीत मुरू लागलं, रस्ते तुंबेनात. थंडीत सरपण निम्म्यावर आलं. आणि तो चाबूक? तो महालाच्या छतावर ताणून बांधला आहे. त्यावर काकडीचा वेल चढला आहे.