गुलाबरावांचे पाच किलोमीटर

पोलीस भरतीसाठी रोज पळणारी हर्षाली घोलप सरावाला आणि कॉलेजलाही चालतील असे बूट घ्यायला गुलाबरावांच्या दुकानात गेली. ढेरपोट्या गुलाबरावांनी स्वतःचा पाय पुढे केला. "हेच घे. हेच घालून मी रोज पाच किलोमीटर पळतो. भलेभले मागे पडतात."

तिने बूट चढवले. "रस्त्यावर जरा पळून बघते."

"बूट घेऊन पसार झालीस तर? तुमच्यासारख्यांना चांगला ओळखतो मी."

हर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग या माझ्या मागे पळत. तुमच्याही पायात हेच बूट आहेत. गाठलंत तर मी चोर, नाही गाठलंत तर तुम्ही खोटारडे."

गुलाबराव खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. हर्षालीने नवे बूट त्यांच्या पुढ्यात आपटले, स्वतःचे झिजलेले घातले आणि सावकाश चालत बाहेर पडली.