बशीतला भुरका

जुन्या टी-सेटच्या प्रदर्शनात नुसती झुंबड उडाली होती. दिवंगत यजमानांनी जिवापाड जपलेला सेट नलूताई टिपणीस प्रथमच मांडत होत्या. तेवढ्यात परीक्षक इंद्रसेनराव गरजले, "कपांना कान नाहीत, बश्या वाट्यांसारख्या खोल! ही कसली जोडी? जुळवाजुळव आहे. उचला, बाई!"

लोक हसले.

"उचलते," नलूताई म्हणाल्या, "पण आधी यातून घोटभर चहा घ्या, रावसाहेब."

त्यांनी कँटीनमधून उकळता चहा मागवून किटलीत भरला आणि कपात ओतला. इंद्रसेनरावांनी ऐटीत कप उचलला मात्र, बोटं चरचरली! परत ठेवावा, तर चारचौघांत फजिती. त्यांनी झटकन सगळा चहा बशीत ओतला. थेंबही सांडला नाही. मग फुर्रकन भुरका मारला.

"कान का नाहीत नि बशी खोल का, कळलं ना?" नलूताई म्हणाल्या. "जोडी खरी की खोटी, ते आता तुमच्या ओल्या मिशांनाच विचारा."

हॉल हशाने दणाणला. रावसाहेबांनी मिशा पुसल्या आणि सेट स्वतःच्या हाताने मधल्या मानाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"आमचे हेसुद्धा," नलूताई हळूच म्हणाल्या, "अगदी असाच भुरका मारायचे."