तळ्याकाठी हाक मारणारा जासूद

या कथेची अनेक रूपे सांगितली जातात. एका रूपात डाक नेणारे जासूद नसून कबुतरे आहेत. दुसऱ्या रूपात डाकच नाही. तेथे शेताचा पाट तुंबलेला आहे. कबुतरांच्या रूपात सारा दोष शेवटी एका ससाण्यावर जातो, त्यामुळे ते ऐकायला गोड असले तरी बोधाच्या दृष्टीने दुबळे पडते. पुढे दिलेल्या रूपात ससाणा नाही. दोष शोधणारा आणि दोष करणारा येथे एकच मनुष्य आहे, आणि या रूपाचे मोल त्यातच आहे.

हेमवती नगरीत शीलवर्मा राजाचे राज्य होते. तेथील डाकघराचा कारभार नारोबा नावाच्या गृहस्थाकडे होता. तरुणपणी त्याने एक नियम घातला होता: डाकघरात आलेले पत्र पाठवणाऱ्याकडे कधी माघारी फिरवायचे नाही. घेणारा भेटला नाही, तर दुसऱ्या दिवशी तेच पत्र पुन्हा न्यायचे. आणि जे पत्र सर्वांत जुने, त्याला जासुदाच्या खांद्यावरच्या पडशीत पहिली जागा द्यायची. या निष्ठेवर प्रसन्न होऊन थोरल्या महाराजांनी त्याला शेला दिला होता. 'येथून पत्र माघारी जात नाही' ही अक्षरे नारोबाने डाकघराच्या दारावरील फळीवर कोरून घेतली होती.

पुढे डाक मंदावू लागली. पत्रे उशिरा पोचत आणि कधी कधी डाकघराच्या दारातच पडून राहत. राजाच्या बहिणीला बारशाचे निमंत्रण मिळाले, तेव्हा मूल रांगू लागले होते. ती आली ती रुसूनच, आणि बाळलेणे लहान झाले म्हणून आणखी रुसली.

राजाने प्रधान विश्वंभरपंतांना कारण विचारले. पंत विद्वान होते, पण त्यांना उत्तर लवकर सापडत असे. ते म्हणाले, "जासूद थोडे आहेत." जासूद वाढवले. आता डाकघराच्या दारात गर्दी झाली आणि पडशा भरायलाच दुपार होऊ लागली. पंत म्हणाले, "पाय मंद आहेत." घोडे आणले. पडशी भरून होईपर्यंत घोडे दारात उभे राहून शेजारच्या मंडईतली भाजी खाऊ लागले. माळणींनी दरबारात फिर्याद केली.

तेव्हा राजा नारोबाला म्हणाला, "दसऱ्यानंतर राजकन्येच्या लग्नाची निमंत्रणे निघतील. ती वेळेवर पोचली नाहीत, तर डाकघराचा कारभार दुसऱ्याकडे जाईल आणि जासुदांना घरी बसावे लागेल."

दरबार उठल्यावर पंतांनी नारोबाला बाजूला घेतले. "कारभारी, जासूद आळशी आहेत, एवढेच महाराजांना सांगा. माणसे बदलू. तुमचे पद राहील, शेलाही राहील."

"पंत, ते आळशी आहेत की नाहीत, हे मला अजून ठाऊक नाही," नारोबा म्हणाला. "आधी पाहतो, मग सांगतो."

नारोबाने एका वेळी एकच गोष्ट तपासायची असे ठरवले. त्याने जासुदांचा नाईक हैबती याला रिकामी पडशी देऊन नेहमीच्या वाटेने पाठवले. हैबती उन्हे तापण्यापूर्वीच परतला, आणि वाटेत विहिरीवर अंघोळही करून आला. म्हणजे पाय शाबूत होते आणि वाटही नीट होती. उरली ती पडशी.

दुसऱ्या दिवशी नारोबाने भरलेली पडशी स्वतःच्या खांद्यावर घेतली. हैबती घुंगुरकाठी घेऊन पुढे चालू लागला. पहिल्या चढावरच नारोबा बसला.

"कारभारी, चढ अजून लागायचाय," हैबती म्हणाला. "ही तर देवळाची पायरी."

पहिले पत्र एका गावच्या पाटलाच्या नावचे होते. दारात त्याची सून आली. ती म्हणाली, "मामंजींना जाऊन दोन पावसाळे झाले. तुमचा माणूस रोज पत्र घेऊन येतो. आम्ही त्याला ताक देतो आणि तो पत्र घेऊन परत जातो."

"ताक चांगलं असतं," हैबती हळूच म्हणाला.

दुसरे पत्र एका पैलवानाच्या नावचे होते. त्याने तालीम सोडून परमुलखात सासुरवाडीला बिऱ्हाड केले होते. असे करीत ते दोघे उतरत्या उन्हात निंबारी गावाशी पोचले. गाव कोठेच दिसेना. समोर एक मोठे तळे होते. हैबतीने काठी रोवली, तोंडाशी हात धरले आणि पाण्याकडे पाहून मोठ्याने हाक दिली, "अहो केदारभट, पत्र आलंय." जरा वाट पाहून त्याने पत्र पुन्हा पडशीत ठेवले.

"हे काय चालले आहे?" नारोबाने विचारले.

"गाव बुडालं, कारभारी. पण आपला नियम बुडाला नाही. लिहिल्या जागी जायचं, हाक मारायची, कुणी आलं नाही तर उद्या पुन्हा यायचं. मी तुम्हाला सांगायला आलो होतो. तुम्ही दारावरच्या फळीकडे बोट दाखवलंत."

काठावर एक कोळी जाळे विणत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "नाईक, इतक्या हाका मारल्यात, की केदारभट हे नाव आता आमच्या माशांनासुद्धा पाठ झालं असेल. भट पाणी चढण्याआधीच सोनवडीला गेले. तुम्ही कधी विचारलंच नाही."

नारोबाने ते पत्र हातात घेतले. वरचे अक्षर विश्वंभरपंतांचे होते.

तेथेच काठावर त्याने सारी पडशी उपसली. वर मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची आणि बुडालेल्या गावांची पत्रे होती. ताजी पत्रे तळाशी मूठभर होती. बाकीची ताजी पत्रे जागा नाही म्हणून डाकघरातच राहिली होती. जी पोचूच शकत नव्हती, ती रोज मानाने पुढे निघत होती. जी पोचली असती, ती दारात थांबली होती. पत्रे पुन्हा भरून दोघे माघारी निघाले. हैबतीने आपणहून पडशी आपल्या खांद्यावर घेतली.

दरबारात राजाने विचारले, "दोषी सापडला?"

"सापडला, महाराज. माझ्या दारावरच्या फळीवर त्याचे नाव कोरले आहे. जासूद आळशी नाहीत. माझा नियम त्यांना रोज तळ्यात हाका मारायला लावतो आहे."

पंतांना हसू आले. "मग शेला परत करणार का, नारोबा?"

"शेला केव्हाच झिजला, पंत. नियम झिजला नाही, हीच अडचण झाली." आणि त्याने पत्र पुढे केले. "हे आपले. केदारभट निंबारीत नाहीत. सोनवडीला असतात."

पंतांचे हसू ओसरले. केदारभट हे त्यांचे गुरुबंधू. मुलाच्या मुंजीला बोलावूनही त्यांनी उत्तर धाडले नाही, म्हणून पंतांनी त्यांचे नाव टाकले होते. त्यांनी स्वतःचेच न उघडलेले पत्र उलटसुलट करून पाहिले. मग ते राजाला म्हणाले, "महाराज, हे पत्र वेळीच माघारी आले असते, तर मी एक मित्र उगाच गमावला नसता. डाकघर नारोबांकडेच असू द्यावे."

राजाने ते मान्य केले. नारोबाने स्वतः शिडीवर चढून फळी उतरवली. त्या दिवसापासून ताजी पत्रे आधी निघू लागली. न पोचलेले पत्र आणखी एकदा-दोनदा नेले जाई. मग जासुदाने गावात विचारून आणलेले कारण त्यावर लिहून ते पाठवणाऱ्याकडे परत धाडले जाई. घोडे विकले. माळणींनी त्या दिवशी जासुदांना भाजी फुकट दिली. पाटलाच्या सुनेला मात्र ताक प्यायला कोणी येईनासे झाल्याने चुकल्यासारखे वाटले, असे सांगतात.

दसऱ्यानंतर निमंत्रणे निघाली आणि वेळेवर पोचली. राजाची बहीण सर्वांच्या आधी आली आणि या वेळी रुसायला काही सापडेना म्हणून तिने मांडवाच्या तोरणांना नावे ठेवली. लग्नाच्या दिवशी सोनवडीहून एक बैलगाडी आली. केदारभट खाली उतरले. पंतांनी स्वतः त्यांच्या पायांवर पाणी घातले, आणि दोघे गुरुबंधू एका पंगतीला जेवायला बसले.

तात्पर्य: काम मंदावले, की हात वाढवण्यापूर्वी किंवा हातांना दोष देण्यापूर्वी ते नेमके कोठे अडते हे स्वतः जाऊन पाहावे, आणि अडवणारा नियम आपलाच निघाला, तर तो आपल्याच हाताने उतरवावा.