आरशावरचा डोंगर

"पण हा उंचवटा मी कालच घासून काढला होता, बाबा. आज परत कुठून आला?"

चारुशीला नूरबाबांना विचारत होती.

ते फकीर. तरुणपणी चष्म्याची भिंगं घासायचे. आता दर्ग्यामागच्या खोलीत राहायचे, आणि कुणी आलंच तर दुर्बिणीचा आरसा घासायला शिकवायचे.

चारुशीला मोठी शास्त्रज्ञ. तिनं जगातल्या भल्यामोठ्या दुर्बिणीतून एक क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगेचा झगझगीत गाभा, पाहिला होता. त्याचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीही नव्हती. शनीच्या एका चंद्रातून उडणारी वाफ तिनं मोजली होती. पाहिलं म्हणजे, संगणकावर आकडे पाहिले.

तिचे वडील, अण्णा, ब्याऐंशी वर्षांचे. ते एकदा म्हणाले, "तुझं सगळं मोठंच आहे गं. पण त्यातलं काही माझ्या डोळ्यांनी दिसेल का?"

म्हणून हा आठ इंची आरसा. चार महिने ती तो हातानं घासत होती. अण्णांना दाखवायचा तो धूमकेतू आकाशात आला होता. अजून चार संध्याकाळी दिसणार होता. मग तीन हजार वर्षं नाही.

भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या बंद होती. दिव्याचा बारीक किरण आरशावर पडला होता. ब्लेडच्या धारेआडून पाहिलं की केसाहून कितीतरी बारीक उंचवटाही सावलीनं दिसतो. तो मधोमध होता, चांगला डोंगराएवढा.

"घासून झालं की डोंगर दिसतो. तो घासते, तर सकाळी तिथंच खड्डा. खड्ड्यासाठी सगळा आरसा घासते, की पुन्हा डोंगर. आठ दिवस हेच चाललंय."

"हं."

"काचच खराब आहे, बाबा."

फोन वाजला. तिनं तो बंद केला.

"कोण?"

"अण्णा. जेवलीस का, विचारतात. दिवसातून चारदा... नंतर बोलेन."

नूरबाबा उठले. त्यांनी काचेच्या कडेपाशी अंगठा टेकवला. दहा श्वास घेतले. अंगठा काढला.

"बघ."

तिनं धारेआडून पाहिलं. कडेला दुसरा डोंगर उभा होता.

"आता हाही घास," बाबा म्हणाले.

तिचा हात पुढे गेला आणि तिथंच थांबला.

उष्णतेनं काच फुगते, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला स्वतःची फार लाज वाटली.

"माझ्या हाताची ऊब... आणि मी तीच घासत बसले होते?"

"चहा पिऊ," बाबा म्हणाले.

दोघं ओसरीवर बसली. ती सारखी घड्याळ बघत होती.

"तो तुझा क्वेसार," बाबा म्हणाले, "त्याचा उजेड एवढी वर्षं चालत आला. तुला तासभर बसवत नाही?"

ती कसंनुसं हसली.

तासानं ती आत गेली. कडेचा डोंगर नव्हता. मधला नव्हता. काच एकसारखी दिसत होती, घासायला काही उरलं नव्हतं. तिला रडूच आलं.

"झाला, बाबा. चांदी चढवायला एक दिवस. म्हणजे तीन संध्याकाळी उरतात."

"उरतात की."

"मग आत्ताच सुरुवात करते."

"आज नाही. रात्रभर पूर्ण निवू दे, मग चांदी. हात लावू नको."

"आणि तोवर मी काय करू? नुसती बसू?"

नूरबाबांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. जरा वेळ तसेच धरले...

"गरम आहेत," ते म्हणाले. "काचेला नकोत. घरी कुणाला हवेत का, बघ."